चुलीमागची भिंत

आमच्या स्वयंपाकघरातली चुलीमागची भिंत वर्षातून एकदाच, दिवाळीच्या तोंडावर लिंपली जायची. त्यानंतर वर्षभर तिच्यावर धूर बसत राहायचा, कपाशीच्या पऱ्हाटीचा, तुरीच्या काड्यांचा, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्यांचा, आणि होळीपर्यंतच ती अशी काळीकुट्ट व्हायची की शाळेतल्या फळ्यानं लाजावं. शाळेतला फळा खरं तर करडाच होता. गुरुजींनी पोरांकडून कोळसा कुटून घेतला होता, पाल्याच्या रसात कालवून तो फळ्याला फासलाही होता, पण दोन दिवसांत त्याचे पोपडे सुटले. माझी भिंत मात्र आपोआप काळी व्हायची. तिच्यासाठी कोणाला काही करावं लागत नव्हतं, माय दोन वेळा चूल पेटवत होती तेवढं पुरे होतं.

मी चौथीत होते. शाळेत उशिरा घातल्यामुळं वर्गातल्या पोरांपेक्षा डोकं, दीड डोकं उंच, आणि त्यामुळं कायम मागच्या भिंतीला टेकून बसलेली. जानेफळच्या बाजारापासून कोसभर आत आमचं गाव, आणि गावात शाळा चौथीपर्यंतच. चौथीची वाचनाची पुस्तकं सगळ्या वर्गात मिळून पाच, ती गुरुजींच्या पत्र्याच्या पेटीत राहायची. व्याकरणाचं पुस्तक तर एकच, गुरुजींचं स्वतःचं, मेणकापडाचं वेष्टण घातलेलं. त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. गुरुजी रोज त्यातून आठ-दहा नवे शब्द फळ्यावर लिहायचे, त्यांचा अर्थ सांगायचे, मग प्रत्येक शब्दाची जात, लिंग, वचन आणि विरुद्ध अर्थाचा शब्द. आम्ही ते पाटीवर उतरवायचो आणि दुसऱ्या दिवशी थुंकी लावून पुसायचो, कारण दुसऱ्या दिवशी नवे आठ-दहा शब्द हजर. "पाटीवरचं पुसलं जातं रे बाबांनो," गुरुजी म्हणायचे, "पुसलं जाणार नाही अशा जागी लिहून ठेवा." ज्यांच्याकडं वह्या होत्या त्यांनी वहीत लिहिलं. मी फळ्याखाली पडलेले खडूचे तुकडे परकराच्या ओच्यात गोळा केले आणि घरी येऊन भिंतीवर लिहायला सुरुवात केली.

गुरुजींची शिकवायची एक तऱ्हा होती. ते म्हणायचे, माणसाला जसं घर असतं तसं शब्दालाही असतं. वर्गाच्या एका कोपऱ्यात नामं, दुसऱ्या कोपऱ्यात विशेषणं, दाराजवळ क्रियापदं ("त्यांना सारखं ये-जा करायची असते," हे त्यांचं कारण), आणि सर्वनामं खिडकीखाली. त्यांनी शब्द उच्चारला की आम्ही धावत त्याच्या घराकडं जायचं. चुकीच्या घरात शिरलं की सगळी पोरं हसायची. मीही भिंतीवर तीच घरं बांधली. दिव्याची चिमणी ठेवायच्या देवळीखाली नामं, चुलीच्या उजव्या अंगाला विशेषणं, दाराच्या चौकटीला लागून क्रियापदं, आणि खाली, रांजणाच्या मागच्या कोपऱ्यात, विरुद्ध अर्थाच्या जोड्या. संध्याकाळी माय भाकरी थापायला बसली की मी तिच्या मागं उभं राहून मोठ्यानं एकेक शब्द वाचायचे. भाकरी थापल्याचा पट पट आवाज आणि माझा आवाज, दोन्ही एका तालात चालायचं. माय कधीमधी मान न वळवता विचारायची.

"उद्यान म्हंजे काय वं?"

"बगीचा."

"मंग आपली वाडी काय हाय?"

"आपली वाडी ते वाडी. उद्यानात फुलं असतात."

"अन् वांगी नसतात?"

"नसतात."

"मंग काय कामाचं ते," असं म्हणून ती पुढची भाकर तव्यावर टाकायची. मला वाटायचं, बाई हात चालू असताना वेळ जावा म्हणून विचारते. मला त्या वयात पुष्कळ काही वाटायचं, आणि त्यातलं बहुतेक चुकीचं असायचं.

आम्ही माळी. विहिरीच्या पाण्यावर वांगी, मिरची, कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, थोडी मेथी, असा सगळा पसारा, आणि त्यात घरातल्या प्रत्येक हाताला काम. माझी शाळा म्हणजे घरातला एक हात कमी होणं, हे बाबा बोलून दाखवायचे नाहीत, पण मी पाटी उचलली की ते खुरप्याकडं पाहायचे. एक खरं, त्यांनी मला शब्द दिला होता. डोणगावला माझा मामा राहायचा आणि तिथं पुढची शाळा होती. बाबा म्हणाले होते, "चौथी पास झाली तं मामाकडं धाडतो. नाई झाली तं मंग मले बोल लावू नको." बाबा थोडं बोलायचे, आणि बोललेलं फिरवत नसत. म्हणून मला त्या शब्दाचा आधारही वाटायचा आणि धाकही.

परीक्षा चैत्रात, दोन कोसांवरच्या मोठ्या गावातल्या केंद्राच्या शाळेत. बाहेरचे परीक्षक यायचे, सकाळी लेखी, दुपारी तोंडी, आणि संध्याकाळी तिथंच पास झालेल्यांची नावं वाचायचे. ज्या शनिवारी माझी परीक्षा होती, त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, माझ्या थोरल्या बहिणीला, कौसाबाईला, पाहायला पाहुणे यायचे ठरले. आधी त्याचं मला काहीच वाटलं नाही. पाहुणे येतील, पोहे खातील, कौसाबाई मान खाली घालून बसेल आणि ते जातील. आमच्याकडची एक रीत मी विसरले होते. पाहुण्यांसोबत आलेल्या बायका पोरीचं तोंड नंतर पाहतात, आधी तिच्या मायची चूल पाहतात. पाणी प्यायचं निमित्त करून आत येतात, रांजणाचं झाकण उचलतात, चुलीच्या ओट्यावरून बोट फिरवतात, भिंतीकडं नजर टाकतात, आणि घरी जाऊन सांगतात की घर कसं आहे.

गुरुवारी दुपारी मी शाळेतून आले ती धावतच, कारण गुरुजींनी सांगितलं होतं की दोन दिवस फक्त उजळणी करा, नवीन काही वाचू नका. अंगणात खाटेवर कुरडया वाळत होत्या. आत्या त्यांच्यावरच्या चिमण्या हाकत बसली होती. ती पाहुण्यांसाठी म्हणून दोन दिवस आधीच आली होती आणि आल्यापासून घराला नावं ठेवत होती. घरात शेणामातीचा ओला वास भरलेला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. माय उकिडवी बसून भिंतीवर पांढऱ्या मातीचा शेवटचा हात फिरवत होती. भिंत वरपासून खालपर्यंत ओली, गुळगुळीत, स्वच्छ. देवळीखाली काही नव्हतं. चौकटीजवळ काही नव्हतं. हिवाळाभर लिहिलेले सगळे शब्द त्या मातीखाली गेले होते.

मी किंचाळले. काय किंचाळले ते सगळं आठवत नाही, पण शेवटचं आठवतं. "परवा परीक्षा हाय माही! माहं सगळं पुस्तक होतं ते! पण तुले काय समजते? तू अडाणी, अन् अडाणीच राहणार!"

अंगणात आत्यानं चिमण्या हाकणं थांबवलं. कौसाबाई मागच्या दारातून डोकावली आणि परत गेली. मायचा हात भिंतीवर होता तसाच दोन क्षण राहिला, मग पुन्हा डावीकडून उजवीकडे फिरला. राहिलेली हातभर जागा तिनं लिंपून पुरी केली, घमेलं उचललं आणि हात धुवायला विहिरीकडं गेली. मी आयुष्यात पुष्कळांशी भांडले आहे. शाळेत हेडमास्तरांशी, घरी सासूशी, बसमध्ये कंडक्टरशी. जीभ माझी तिखट, हे सगळं गाव सांगेल. पण त्या भांडणांतलं काही मला आज टोचत नाही. टोचतो तो त्या भिंतीवरून फिरलेला मायचा ओला हात.

त्या दिवशी मी जेवले नाही. पाटी घेऊन वाडीत विहिरीच्या काठावर बसले आणि आठवेल तेवढं लिहायचा प्रयत्न केला. दहा-बारा शब्द आठवले, मग तेच ते परत यायला लागले. बाकीचे सगळे एकमेकांत मिसळून गेले. नामं कुठली, विशेषणं कुठली, काही सुधरेना. घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि त्या आवाजानंही मला राग येत होता.

शुक्रवारी पाहुणे आले. बैलांच्या दोन दमण्या भरून माणसं, मुलाचे वडील पुढं, मोठं पागोटं आणि त्याहून मोठा आवाज. त्यांच्या बायका आत आल्या, पाणी प्यायल्या, चुलीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, एकमेकींकडं पाहून माना हलवल्या. आत्याची छाती फुगली. कौसाबाईला बसवलं, तिला नाव विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं, उभं राहून चालायला लावलं. तिचं लुगड्याच्या पदराखालचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मुलगी पसंत पडली. बैठकीत हसणं सुरू झालं, सुपारी कातरली जाऊ लागली आणि मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन आत गेले. त्या पागोटेवाल्या बुवांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही धाकटी काय?"

"हाव," बाबा म्हणाले.

"उंच हाय चांगली. आमचा दुसरा पोरगा हाय ना भाऊ, थोरल्याहून दोन वर्सांनी लहान. एकाच मांडवात दोन्ही उरकून टाकू. तुमचाबी ताप वाचंन, आमचाबी."

सगळे हसले. आमच्याकडं एका मांडवात दोन बहिणी दोन भावांना देणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. माझी आत्या आणि तिची बहीण अशाच एका घरात गेल्या होत्या. मी अकरा वर्षांची होते. हातातली ताटली कोणाला द्यायची तेच मला कळेना. बाबांनी अडकित्त्यातली सुपारी पुरी कातरली, तळहातावर घेतली आणि समोर धरली.

"तिची परीक्षा हाय उद्या," ते म्हणाले. "मी शब्द देऊन बसलो. पास झाली तं शिकन. नाई झाली तं तुमचीच समजा."

"बरं, बरं. परवा सांगावा धाडा," ते बुवा म्हणाले आणि पोहे खायला लागले. "पोरीची जात, पास होऊन काय तहसीलदार होते?"

मी वळले तर दाराआड माय उभी होती. हातात चहाची किटली, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. तिनं सगळं ऐकलं होतं. आमची नजरानजर झाली आणि मी खाली पाहिलं, कारण आदल्या दिवसापासून मी तिच्याशी बोलत नव्हते.

पाहुण्यांच्या दमण्या वेशीबाहेर गेल्या तेव्हा ऊन अजून भिंतींवर होतं. बाबा त्यांना पोचवायला गेले. आत्या ओसरीवर आडवी झाली. मी खोलीच्या कोपऱ्यात गुडघ्यांत तोंड खुपसून बसले होते. स्वयंपाकघरातून मायनं हाक मारली.

"इकडं ये."

मी गेले नाही. पुन्हा हाक आली, तीच, तेवढ्याच आवाजात. मग मी उठले. माय चुलीपुढं तिच्या नेहमीच्या पाटावर बसली होती, भिंतीकडं तोंड करून. चूल विझलेली. तिच्या हातात फुंकणी होती.

"चुलीतला कोळसा घे एक. पांढऱ्यावर खडू दिसत नाई."

"काऊन?"

"घे म्हनलं ना."

मी कोळसा घेतला. मायनं फुंकणी उचलली आणि तिचं टोक देवळीच्या खाली, डाव्या अंगाला, भिंतीपासून बोटभर अंतरावर धरलं.

"इथं सरोवर होतं. नाम. म्हंजे तळं. लिव."

मी तिच्याकडं पाहत राहिले.

"लिव ना. त्याच्या खाली उद्यान. वांगी नसतात तो बगीचा. त्याच्या खाली अरण्य, म्हंजे जंगल. मंग एक मोठा होता, लांबलचक, ह्या दगडापावतर आलता. विद्यार्थी. त्याचं बाईमाणूस विद्यार्थिनी. हे तू लिवलं तवा मी आंबाडी निवडत होती, अन् तू दोनदा पुसून लिवलं."

खरं होतं. मी दोनदा पुसून लिहिलं होतं.

फुंकणी सरकत गेली आणि माझा हात तिच्या मागं सरकत गेला. मायला अक्षर येत नव्हतं. "सरोवर" आणि "उद्यान" वेगवेगळे लिहिलेले दाखवले असते तर कुठला कुठला हे तिला सांगता आलं नसतं. पण कुठल्या जागी कुठला आवाज होता, त्याचा अर्थ काय, तो कुठल्या घरातला, हे तिला पाठ होतं, जसं वाडीत कुठल्या वाफ्यात काय पेरलं ते पाठ होतं. एखाद्या ठिकाणी फुंकणी थांबायची, माय डोळे मिटायची, ओठ हलायचे, मग, "तवा शेजारची माय विस्तव मागायले आलती. हां. प्रामाणिक. विशेषण. खोटं न बोलणारा." चुलीच्या उजव्या बाजूला मध्ये एका जागी ती अडली ती अडलीच. "इथं एक होता. त्या दिशी कौसी रडत होती, मले आइकू नाई आलं. ही जागा सोड." मी ती जागा सोडली. चौकटीजवळची क्रियापदं तिनं भराभर सांगितली, जणू तीही ये-जा करायच्या घाईत होती.

ओसरीवरून आत्या उठून आली आणि दारात कपाळावर हात मारून उभी राहिली. "काल लिंपली ना वं भीत! काय काळं करून राह्यल्या मायलेकी?"

"पाहुणे गेले आता," माय म्हणाली. तिनं मागं पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी रांजणामागचा कोपरा आला. तिथं खाली वाकून लिहावं लागायचं. मायनं पाट पुढं सरकवला, फुंकणी लांब केली. उदय, उलट अस्त. स्तुती, उलट निंदा. कृतज्ञ, उलट कृतघ्न. मी जमिनीला गाल लावून लिहीत होते.

"सुशिक्षित," माय म्हणाली. "उलट अडाणी."

त्याच आवाजात. सरोवर ज्या आवाजात म्हणाली, त्याच. माझा हात थांबला. कोळसा भिंतीला टेकलेला होता आणि त्याचा ठिपका मोठा मोठा होत गेला.

"थांबली काऊन? लिव."

मी लिहिलं. लिहिताना कोळसा मोडला. "दुसरा घे," माय म्हणाली, आणि फुंकणी पुढच्या जागेवर नेली.

मला तेव्हाच तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला हवं होतं. माफी मागायला हवी होती. पण आमच्या घरात मायची माफी मागायची पद्धत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला शब्दांचीच घाई होती. भिंत पुरी भरली तशी मी ती वाचायला लागले, आणि माय चूल पेटवायला लागली.

शनिवारी तांबडं फुटायच्या आधी गुरुजी आम्हा सहा पोरांना घेऊन निघाले. फडक्यात भाकर, ठेचा आणि कांदा. लेखी परीक्षेत माझं शुद्धलेखन गेलं. आम्ही बोलायचो तसं लिहायचो, आणि कागदाला ते चालत नाही. दुपारी लिंबाच्या सावलीत गुरुजींनी प्रत्येकाला काय काय लिहिलं ते विचारलं. माझं ऐकून झाल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तसा ते कधी ठेवत नसत. "तोंडीत एकही सोडू नकोस पोरी," ते म्हणाले. "एकही सोडायची सोय नाही." त्यांना मांडवाचं माहीत होतं. गाव लहान असलं की सगळ्यांना सगळं माहीत असतं.

परीक्षक साहेब पुण्याकडचे असावेत. काळी टोपी, धोतर आणि बोलणं असं सुबक की प्रत्येक शब्द मोजून मापून ठेवल्यासारखा. माणूस वाईट नव्हता. मला पाणी हवं का म्हणून विचारलं. मी पुस्तकातला उतारा वाचला, तो नीट झाला. मग त्यांनी शब्द विचारायला सुरुवात केली. त्यांच्यामागं शाळेची पांढरी, चुन्याची भिंत होती. साहेब म्हणाले, "अरण्य," आणि मला त्या भिंतीवर फुंकणीचं टोक दिसलं. देवळीच्या खाली, तिसरं. "नाम. जंगल." "प्रामाणिक." चुलीच्या उजव्या अंगाला. एकामागून एक मी सांगत गेले. साहेबांची पेन्सिल कागदावर बरोबरच्या खुणा करत गेली. दारात गुरुजी हात मागं बांधून उभे होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू सुटत होता.

"छान," साहेब म्हणाले. "आता शेवटचं. सुशिक्षित. वाक्यात उपयोग कर."

मी विचारही केला नाही. "माझी आई सुशिक्षित आहे."

माय म्हणू नये, आई म्हणावं, एवढं भान मला होतं.

"अरे वा! किती शिकली आहे आई?"

"शाळेत नाही गेली."

"सही करते?"

"नाही. अंगठा."

साहेब हसले, दुखावणारं नाही, समजावणारं. "मग वाक्य चुकलं, बाळ. वाक्य नुसतं रचून चालत नाही, ते खरं असावं लागतं. बदल."

मला त्यांना भिंतीचं सांगायचं होतं. फुंकणीचं, आंबाडीचं, दोनदा पुसून लिहिलेल्याचं सगळं सांगायचं होतं, आणि ते त्यांच्या सुबक भाषेत कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. पेन्सिल कागदाच्या वर थांबली होती. दारातून गुरुजी मान हलवत होते, बदल, बदल. मला त्या बुवांचं पागोटं दिसत होतं, आणि बाबांच्या तळहातावरची कातरलेली सुपारी.

"सुचत नाही का?" साहेब म्हणाले. "बरं, याच्या विरुद्ध अर्थाचा शब्द येतो ना? त्याचं कर वाक्य. ते धरू."

आज मला शंभर वाक्यं सुचतात. मी स्वतः तीस वर्षांहून जास्त काळ चौथीचा वर्ग शिकवला, हजारो पोरांची वाक्यं ऐकली. आमच्या गावचा पाटील अडाणी आहे, असं म्हणता आलं असतं. तो होताही. नुसतं "मी अडाणी आहे" म्हटलं असतं तरी खरं झालं असतं. पण अकरा वर्षांच्या पोरीच्या तोंडात जे तयार होतं, दोन दिवसांपूर्वी एकदा घासून गुळगुळीत झालेलं होतं, तेच बाहेर आलं.

"माझी आई अडाणी आहे."

"शाब्बास," साहेब म्हणाले, आणि पेन्सिल टेकली.

संध्याकाळी शाळेच्या अंगणात नावं वाचली. आमच्या गावची चार, त्यात माझं सगळ्यात शेवटी. गुरुजींनी टोपी काढून घाम पुसला. परतीच्या वाटेवर ते मोठमोठ्यानं बोलत होते, पोरं दगड भिरकावत होती, आणि मी सगळ्यांच्या मागं चालत होते. घाटपांदीतल्या अरुंद वाटेवर कोणीतरी विचारलं, रडतेस काय? मी म्हणाले, काटा रुतला.

बाबा विहिरीवरून बैल सोडून येत होते. गुरुजींनी लांबूनच सांगितलं. बाबा थांबले, कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाले, "बरं झालं. मामाले सांगावा धाडतो. त्याइलेबी धाडतो, एकीचाच मांडव म्हनून." एवढं बोलून ते गोठ्याकडं गेले. मी दगडावर पाय धुतले आणि आत आले.

चूल पेटलेली होती. तव्यावर भाकर, बाजूला वांग्याचं भरीत, आणि मागं ती काळ्या अक्षरांनी भरलेली पांढरी भिंत. ती माती पुढं दिवाळीपर्यंत तशीच राहिली. आत्यानं पुष्कळ तोंड वाजवलं, पण कौसाबाईच्या लग्नातही मायनं त्या भिंतीला हात लावला नाही. आता तिथं माझ्या भावानं स्लॅबचं घर बांधलंय आणि चुलीच्या जागी फरशीचा ओटा आहे. माय जाऊनही वर्षं झाली.

"बस," माय म्हणाली. "काय काय इचारलं?"

मी एकेक सांगायला लागले. मी शब्द म्हणाले की ती भिंतीवर त्याच्या जागेकडं पाहायची आणि मान हलवायची. अरण्य. हां. प्रामाणिक. हां, तोबी होता. तिचा चेहरा विस्तवाच्या उजेडात असा दिसत होता की तीच परीक्षेला जाऊन आली आहे. पुष्कळ झाले, मग मी थांबले.

मायनं फुंकणी उचलली आणि टोक रांजणामागच्या कोपऱ्यातल्या कोळशाच्या त्या मोठ्या ठिपक्याकडं केलं.

"अन् तो?"

"तो नाही विचारला," मी म्हणाले.

ती माझ्याकडं पाहत राहिली. मग वाकून चुलीत फुंकर घातली, राख उडाली, जाळ पुन्हा धरला.

"बरं झालं," माय म्हणाली, आणि तव्यावरची भाकर काढून माझ्या ताटात टाकली.